‘यंत्रामुळे शार्क वळला’ : पाणबुड्याचा अनुभव आणि कार्यकारणाची भाषा

१. विषयप्रवेश

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील देवनार हे ठिकाण खाऱ्या पाण्यापासून फारसे दूर नाही. ठाण्याची खाडी येथून जवळ आहे, आणि खाडीच्या काठाने कोळ्यांची जुनी वस्तीही आहे. तथापि येथील सामान्य मनुष्याची शार्क ह्या प्राण्याशी गाठ पडते ती पाण्यात नव्हे, तर मासळीबाजारात. आणि तीही ‘शार्क’ ह्या नावाने नव्हे, तर ‘मुशी’ ह्या नावाने. दक्षिण कोकणात व गोव्यात हिलाच ‘मोरी’ म्हणतात. हातोड्यासारख्या डोक्याची जी जात आहे तिला ‘कानमुशी’ हे नाव आहे. ह्या शब्दांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. मराठीत हा प्राणी अनोळखी नाही. तो रोजच्या जेवणातला आहे. परंतु जो मनुष्य ‘काल मुशी खाल्ली’ असे सहज म्हणतो तो ‘काल शार्क खाल्ला’ असे म्हणत नाही. ‘मुशी’ स्त्रीलिंगी, परिचित आणि टोपलीतली. ‘शार्क’ पुल्लिंगी, परका आणि पाण्यातला. खाण्याच्या प्राण्याला एक शब्द आणि भिण्याच्या प्राण्याला दुसरा, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी दरवेळी टिकतेच असे नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाला शार्कने चावा घेऊन गंभीर जखमी केले. तो शार्क ‘बुल शार्क’ ह्या जातीचा होता. ही जात खाडीत आणि नदीच्या गोड्या पाण्यातही शिरू शकते. अशी घटना आपल्या किनाऱ्यावर अत्यंत विरळ आहे. परंतु ती घडली म्हणजे साहजिकच प्रश्न येतो : पाण्यात उतरणाऱ्याने जवळ बाळगावे असे काही संरक्षक साधन आहे काय?

असे साधन आहे. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका ह्या देशांत पाणबुडे विजेच्या स्पंदांनी शार्कला दूर ठेवणारे यंत्र अंगावर बांधून उतरतात. (येथे ‘पाणबुड्या’ म्हणजे पाण्याखाली उतरणारा मनुष्य, ‘पाणबुडी’ ही नौका निराळी.) आपल्याकडे सिंधुदुर्गात, मालवण-तारकर्लीच्या परिसरात, हवेची टाकी पाठीवर घेऊन बुडी मारणे आता नवलाचे राहिलेले नाही, परंतु हे यंत्र तेथील नित्याच्या साहित्यात मोडत नाही. त्यामुळे आपल्यापर्यंत येते ते बहुधा यंत्र नव्हे, तर यंत्राविषयीचे कथन. ह्या कथनाचा साचा पुष्कळदा एकच असतो : ‘मी खाली होतो, शार्क माझ्या दिशेने आला, यंत्रामुळे तो वळला.’

प्रस्तुत लेखकास समुद्रात बुडी मारण्याचा अनुभव नाही. त्याचा विषय भाषा हा आहे. परंतु वरील कथनातील शेवटचे वाक्य भाषाशास्त्राच्या कक्षेत येते, आणि त्या वाक्यावर विसंबून कोणी तरी पाण्यात उतरणार असते. म्हणून त्या वाक्याची तपासणी येथे करावयाची आहे.

२. यंत्र आणि त्यामागील इंद्रिय

प्रथम यंत्राचे स्वरूप पाहू. ह्या प्रकारच्या यंत्रात एक विद्युत्-घट, स्पंद निर्माण करणारे मंडल आणि दोन इलेक्ट्रोड असतात. पाणबुड्याच्या एका प्रचलित नमुन्यात मुख्य पेटी घोट्याशी बांधलेली असते, आणि तिला जोडलेली दोन मीटरहून थोडी अधिक लांबीची दोरीसारखी शेपटी पोहणाऱ्याच्या मागे तरंगत राहते. दोन्ही इलेक्ट्रोड खाऱ्या पाण्यात बुडाले म्हणजे पाण्यातूनच विद्युत्-मंडल पूर्ण होते आणि पोहणाऱ्याभोवती ठराविक कालांतराने स्पंदणारे विद्युत्-क्षेत्र निर्माण होते. असे पहिले प्रसिद्ध यंत्र दक्षिण आफ्रिकेतील नाताळ शार्क मंडळाने १९९० नंतरच्या दशकात तयार केले. पुढे ऑस्ट्रेलियात त्याच तत्त्वावर ‘शार्क शील्ड’ ह्या नावाची यंत्रे निघाली.

त्यापूर्वीचे उपाय रासायनिक होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने आपल्या माणसांना ताम्र-ॲसिटेट आणि काळा रंग यांची वडी दिली होती. ती पाण्यात विरघळून शार्कला दूर ठेवील अशी अपेक्षा होती. तिचा प्रत्यक्ष संरक्षणापेक्षा मनाला धीर देण्यासाठीच अधिक उपयोग झाला असे म्हणावे लागते. हे उदाहरण येथे मुद्दाम दिले आहे. कारण निरुपयोगी साधनाविषयीही ‘त्यामुळे मी वाचलो’ असे सांगणारी माणसे असू शकतात, हे त्यावरून ध्यानात यावे.

विजेच्या यंत्राचा आधार मात्र अधिक भक्कम आहे. शार्कच्या मुस्कटावर बारीक छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रातून चिकट द्रवाने भरलेली एक नळी आत जाते आणि लहानशा कुपीत संपते. स्टेफानो लोरेन्झिनी ह्या इटालियन शास्त्रज्ञाने १६७८ साली ह्या कुप्यांचे वर्णन केले. परंतु त्यांचे कार्य काय, हे पुढे जवळजवळ तीन शतके कळले नव्हते. १९३८ साली सँड ह्याने त्या तापमान ओळखतात असे सुचविले. १९६० साली मरे ह्याने त्या विजेला संवेदनशील असल्याचे दाखविले. प्राणी त्यांचा उपयोग कशासाठी करतो हे काल्माइन ह्या डच शास्त्रज्ञाच्या १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी स्पष्ट झाले.

हा प्रयोग पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा असल्याने थोडक्यात सांगतो. एक चपटा मासा वाळूखाली पुरला असता लहान जातीच्या शार्कने तो अचूक शोधला. मग मासा अगरच्या कोठडीत ठेवून पुरला. अगरमधून वीज जाते, वास थेट जात नाही. तरीही शार्कने मासा शोधला. नंतर त्या कोठडीवर वीज अडविणारा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घातला, तेव्हा शार्क मासा ओलांडून पुढे निघून गेला. शेवटी माशाऐवजी केवळ इलेक्ट्रोड पुरून माशाइतकेच क्षीण क्षेत्र निर्माण केले असता शार्क इलेक्ट्रोडांपाशीच वाळू उकरू लागला. शार्क व पाकट यांची ही संवेदना इतकी तीक्ष्ण आहे की एका सेंटीमीटरमागे पाच अब्जांश व्होल्ट इतके क्षीण क्षेत्रही त्यांना जाणवू शकते.

यंत्राची कल्पना ह्यावरून निघते. ज्या इंद्रियाला इतके क्षीण क्षेत्र कळते, त्याच्यापुढे एकदम फार तीव्र क्षेत्र आणले तर प्राणी माघार घेईल. माणसाला अथवा बहुसंख्य अस्थिमत्स्यांना हे इंद्रिय नसल्याने त्यांना तसा त्रास होऊ नये. परंतु ह्यालाही मर्यादा आहे. इलेक्ट्रोडांमधील अंतराच्या मानाने पुरेसे दूर गेल्यावर क्षेत्राची तीव्रता अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. म्हणजे अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक-अष्टमांश उरते. म्हणून यंत्राचा खरा प्रभाव पोहणाऱ्याच्या अगदी निकटच्या पाण्यातच असतो.

यंत्र तत्त्वतः चालावे असे मानण्यास ह्यावरून पुरेसे कारण मिळते. परंतु ‘चालावे’ आणि ‘चालले’ ह्या दोन क्रियारूपांत जे अंतर आहे, ते कशाने भरून काढावयाचे?

३. अनुभवकथनाची पाच रूपे

एकच प्रसंग घेऊ. पाणबुड्या यंत्र बांधून पाण्यात आहे. शार्क जवळ येतो, काही अंतरावरून वळतो आणि निघून जातो. हा प्रसंग मराठीत निदान पाच प्रकारे सांगता येतो :

(१) यंत्र चालू होते आणि शार्क वळला.
(२) यंत्र चालू करताच शार्क वळला.
(३) यंत्र चालू होते म्हणून शार्क वळला.
(४) यंत्रामुळे शार्क वळला.
(५) यंत्राने शार्कला वळविले.

पहिल्या वाक्यात दोन घटना केवळ शेजारी ठेविल्या आहेत. ‘आणि’ हे अव्यय त्यांच्या संबंधाविषयी काही सांगत नाही. संबंध ऐकणारा आपल्या मनाने जोडतो. दुसऱ्या वाक्यातील ‘-ताच’ हे रूप व्याकरणदृष्ट्या कालवाचक आहे. परंतु दोन घटनांमधील वेळ ते इतका आखडते की श्रोत्याला कारण दिसू लागते. येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पाणबुड्याचे यंत्र सामान्यतः उतरण्याच्या सुमारासच चालू केलेले असते आणि बुडी संपेपर्यंत चालू राहते. शार्क समोर आल्यावर कळ दाबली जाते असे नव्हे. म्हणून ‘चालू करताच’ असे जेथे येते तेथे ते पुष्कळदा स्मरणाने केलेले संक्षेपण असते. सांगणारा खोटे बोलत नाही. भाषा त्याला आयता साचा पुरविते.

तिसऱ्या वाक्यात ‘म्हणून’ ह्या शब्दाने कारण उघड सांगितले जाते. तथापि ‘म्हणून’मध्ये वक्त्याच्या अनुमानाची थोडी छटा शिल्लक राहते. चौथ्या वाक्यात ‘-मुळे’ आले की ही छटाही जाते. आता कारण हे वक्त्याचे अनुमान न राहता जगातील एक वस्तुस्थिती म्हणून मांडले जाते. पाचव्या वाक्यात आणखी एक पाऊल पुढे पडते. ‘वळणे’ हे अकर्मक क्रियापद जाऊन ‘वळविणे’ हे प्रयोजक रूप आले. ‘-ने’ प्रत्यय लागून यंत्र कर्ता झाले. आणि स्वतः वळणारा शार्क कर्म होऊन बसला. ‘पावसामुळे पीक गेले’ आणि ‘पावसाने पीक नेले’ ह्या दोन वाक्यांत जो फरक आहे तोच येथे आहे. मूळ प्रसंगात शार्क हाच हालचाल करणारा होता. पाचव्या वाक्यात त्याची स्वतःची इच्छा, कुतूहल, भूक, कंटाळा ह्यांपैकी कशालाच जागा उरली नाही.

पाचही वाक्यांमागे पाणबुड्याने डोळ्यांनी पाहिलेले मात्र एकच आहे : यंत्र चालू होते, आणि शार्क वळला. पहिल्या वाक्यापलीकडे जे आहे ते पाहिलेले नाही, योजिलेले आहे.

(४) आणि (५) ह्या वाक्यांत आणखी एक वाक्य लपलेले असते, आणि ते मान्य केल्यावाचून ही वाक्ये खरी ठरत नाहीत :

(६) यंत्र चालू नसते, तर शार्क वळला नसता.

मराठीत ह्या प्रकारच्या वाक्यासाठी ‘-ते … तर … नसता’ अशी स्वतंत्र रचना आहे. जे घडले नाही, त्याविषयीचे हे विधान आहे. कारण म्हणजे काय, ह्याची उकल अशा संकेतार्थी वाक्यांच्या आधारे करता येते, हा विचार तत्त्वज्ञानात नवा नाही. डेव्हिड लुईस ह्याने १९७३ साली तो पद्धतशीर मांडला. आपल्या न्यायशास्त्रातील परिभाषा तर अधिकच सुटसुटीत आहे. ‘हे असता ते असते’ हा अन्वय. ‘हे नसता ते नसते’ हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तरच कारण मानावयाचे. पाणबुड्याच्या अनुभवात अन्वय आहे, व्यतिरेक नाही. ज्या क्षणी त्याच्या पायाला यंत्र होते त्याच क्षणी त्याच्या पायाला यंत्र नाही, अशी स्थिती त्याला पाहावयास मिळणे शक्यच नाही.

शिवाय येथे व्यतिरेक गृहीत धरण्यास फारशी जागा नाही. कारण यंत्र नसतानाही शार्क बहुधा वळतोच. जगभरच्या शार्क-दंशांची नोंद ठेवणाऱ्या फ्लोरिडातील संस्थेने २०२३ ह्या संपूर्ण वर्षात माणसाने न डिवचता झालेले ६९ दंश निश्चित केले. समुद्रात उतरणाऱ्या माणसांच्या प्रचंड संख्येच्या मानाने हा आकडा अगदी लहान आहे. शार्क येतो, पाहतो आणि जातो, हीच सामान्य गोष्ट आहे. मग यंत्र बांधलेल्या पाणबुड्यासमोरून एक शार्क निघून गेला ह्यावरून यंत्राविषयी फार थोडे कळते. कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच गाठ पडावी, असा हा काकतालीय न्याय होऊ शकतो.

ह्यात आणखी एक अडचण आहे. अनुभव सांगावयास परत येतो तो वाचलेला मनुष्य. ज्याचा अनुभव विपरीत झाला त्याचे कथन बहुधा आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून अशी कथने शेकडो जमविली तरी त्या शेकड्यात एक बाजू सदैव रिकामी राहते.

४. व्यतिरेकाचा शोध

वाक्य (६) जर एका बुडीत पाहता येत नसेल, तर ते अनेक प्रसंगांत विभागून पाहावे लागते. काही वेळा यंत्र चालू ठेवावयाचे, काही वेळा तेच यंत्र तसेच बांधून बंद ठेवावयाचे, आणि शार्क काय करतो ते मोजावयाचे. काल्माइनने प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून जे केले तेच हे. माणसाच्या जिवावर हा प्रयोग करता येत नाही, म्हणून माणसाच्या जागी आमिष ठेवितात. ही मर्यादा ध्यानात ठेवून काही निष्कर्ष पाहू.

स्मिट व पेडेमॉर्स यांनी २००३ साली दक्षिण आफ्रिकेतील मूळ यंत्राच्या चाचण्यांचे सांख्यिकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. यंत्र बंद असताना पाच मिनिटांत आमिषावर हल्ला होण्याची संभाव्यता सुमारे ०.७० होती; यंत्र चालू असताना ती सुमारे ०.०८ झाली. दहा मिनिटांसाठी हेच आकडे अनुक्रमे ०.९० व ०.१६ होते. येथे प्रथमच ‘-मुळे’ वापरण्यास आधार मिळतो. परंतु हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचला पाहिजे : वेळ पाच मिनिटांवरून दहा मिनिटांवर गेली तेव्हा चालू यंत्राखालील धोका दुप्पट झाला.

२०१३ साली हुवेनियर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निराळी गुंतागुंत आढळली. स्थिर ठेविलेले आमिष शार्कने खाल्ले की नाही, ह्या प्रमाणात यंत्राने फरक पडला नाही. फक्त त्याला अधिक वेळ लागला. उलट सीलच्या आकाराची प्रतिकृती पाण्यावरून ओढली असता, यंत्र चालू असताना तिच्यावरील झडपा पुष्कळच घटल्या. एकच यंत्र, एकच जात. परंतु प्रसंग बदलला तसे उत्तर बदलले.

२०१६ साली केंपस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. मोठ्या पांढऱ्या शार्कांनी यंत्राशी प्रथम गाठ पडली तेव्हा आमिषापासून सरासरी १.३ मीटर अंतर राखले. परंतु तोच शार्क पुनःपुन्हा आला की प्रत्येक खेपेस सरासरी सुमारे १२ सेंटीमीटर अधिक जवळ येऊ लागला. असे असूनही बहुतेक शार्क आमिषाला चावण्यापासून वा स्पर्श करण्यापासून परावृत्त राहिले. यंत्राचे यश आणि यंत्राची सवय होणे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात दिसल्या.

२०१८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात पाच निरनिराळी साधने तपासण्यात आली; ती लाटांवर फळीने तरंगणाऱ्यांसाठी विकली जाणारी होती. त्यांपैकी एकाच विद्युत्-यंत्राने ठळक परिणाम दाखविला : आमिष खाल्ले जाण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. उरलेल्या चारांचा, म्हणजे चुंबकीय साधने व वासाचे मेण इत्यादींचा, परिणाम अल्प किंवा नगण्य होता. बाजारात पाचांचीही भाषा मात्र जवळजवळ एकच असते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०१७ पासून अशा यंत्राच्या खरेदीवर २०० डॉलरांची सूट देऊ केली, ती सर्व साधनांना नव्हे, तर शास्त्रीय चाचणीत उतरलेल्यांनाच; ह्याचे कारण वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

५. वैतरणेच्या खाडीतील प्रश्न

आता लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या घटनेकडे परत येऊ. वर दिलेले आकडे मुख्यतः मोठ्या पांढऱ्या शार्कविषयी आणि स्वच्छ, पूर्ण खाऱ्या समुद्राविषयी आहेत. वैतरणेतील शार्क बुल शार्क होता. ह्या जातीवर विद्युत्-यंत्रांची चाचणी होऊन तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तिच्यात सर्वांत प्रभावी ठरलेल्या यंत्रानेही दंशांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनीच घटविली. इतरांचा परिणाम त्याहून कमी होता. म्हणजे अर्ध्याहून अधिक दंश यंत्र चालू असतानाही झाले.

खाडीच्या पाण्याचाही विचार करावा लागतो. यंत्राचे मंडल पाण्यातील क्षारांमुळे पूर्ण होते. खाडीची क्षारता भरती-ओहोटीबरोबर आणि ऋतूबरोबर बदलत असते. पावसाळ्यात ती फार खाली येते. समुद्रासाठी बेतलेल्या यंत्राचे क्षेत्र तेथे तसेच राहील असे गृहीत धरता येत नाही. त्याशिवाय आपल्या खाड्यांचे पाणी गढूळ असते. पाणबुड्याला निदान शार्क वळलेला दिसतो. गुडघाभर चिखलात जाळे ओढणाऱ्याला तो आलेलाही दिसत नाही.

म्हणून एखाद्या पाणबुड्याचे ‘यंत्रामुळे शार्क वळला’ हे वाक्य दक्षिण ऑस्ट्रेलियातून उचलून ठाण्याच्या वा वैतरणेच्या खाडीवर आणून ठेवावयाचे, तर वाटेत त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ बदलतो. ‘शार्क’ बदलला, पाणी बदलले, आणि त्यामुळे ‘-मुळे’चे बळही बदलले. खाडीत उतरणाऱ्या माणसाला त्या वाक्याने धीर दिला, आणि त्या धीरावर तो एरवी जेथे गेला नसता तेथे गेला, तर ते वाक्य अपायकारक ठरेल.

६. यंत्राला काय म्हणावे?

आता परिभाषेचा प्रश्न राहतो. ह्या यंत्राला मराठीत नाव देताना सहज सुचणारे शब्द ‘शार्क-प्रतिबंधक’, ‘शार्क-रोधक’ आणि ‘शार्क-निवारक’ हे आहेत. तिन्ही शब्द घडणीने निर्दोष आहेत. परंतु तिन्ही प्रमाणापेक्षा अधिक आश्वासन देतात. ‘प्रतिबंधक’ म्हटले की प्रतिबंधक लस आठवते. ‘रोधक’ म्हटले की भिंत अथवा बांध आठवतो. जलरोधक वस्तूतून पाणी आत येत नाही. ‘निवारक’ म्हटले की वेदनानिवारक औषध आठवते, ज्याने असलेली गोष्ट नाहीशी होते. ४० टक्के आमिषे खाल्ली गेली, अशा यंत्राला ‘रोधक’ म्हणणे हे भाषेच्या बाजूने केलेले अतिविधान होय.

मराठीत ह्या अर्थाच्या अगदी जवळ जाणारे एक क्रियापद शेतकऱ्याच्या बोलण्यात आहे : ‘बुजणे’. बैल बुजतो, घोडा बुजतो. ‘बुजणे’ म्हणजे ‘भिणे’ नव्हे, आणि ‘दुखावणे’ही नव्हे. अनपेक्षित, अपरिचित संवेदनेने जनावर दचकून मागे सरते किंवा वाट सोडते, ते बुजणे होय. ह्या क्रियापदाच्या अर्थात दोन गोष्टी अंगभूत आहेत. पहिली अशी की बुजणे प्रत्येक जनावराचे व प्रत्येक प्रसंगाचे सारखे नसते. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, अशी की सवय झाली म्हणजे जनावर बुजत नाही. जो बैल पहिल्या दिवशी मोटारीच्या आवाजाने बुजला तो महिन्याभरात तिच्या शेजारून चालू लागतो. दर खेपेस बारा सेंटीमीटर जवळ येणाऱ्या शार्कचे वर्णन ह्याहून अचूक शब्दाने करता येईल असे वाटत नाही.

ह्याच धातूवरून ‘बुजगावणे’ हा शब्द आहे; मग यंत्राला ‘विद्युत्-बुजगावणे’ म्हणावे काय? येथे मात्र सावधगिरी हवी. बुजगावण्यात स्वतःचे काही सामर्थ्य नसते. लक्षणेने तर तो शब्द पोकळ, नावापुरत्या माणसासाठी वापरला जातो. यंत्राचे विद्युत्-क्षेत्र पोकळ नाही. चाचण्यांनी त्याचा परिणाम सिद्ध झाला आहे. ‘रोधक’ हा शब्द जितका अधिक सांगतो, तितकाच ‘बुजगावणे’ हा शब्द कमी सांगतो. ‘बुजविणे’ ह्या प्रयोजक रूपाचा ‘खड्डा भरून काढणे’ असा दुसराही अर्थ आहे हे खरे. परंतु शार्कच्या संदर्भात त्याने घोटाळा होण्याचे कारण नाही. म्हणून नामाऐवजी क्रियापदाचा आधार घेऊन ‘शार्क बुजविणारे यंत्र’ असे म्हणावे, हे प्रस्तुत लेखकास अधिक इष्ट वाटते. शब्द थोडा लांब आहे. परंतु तो घेणाऱ्याला एक प्रश्न विचारावयास लावतो : शार्क बुजला नाही तर? ‘रोधक’ ह्या शब्दाने हा प्रश्न मनात येऊ दिला नसता.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा अर्थ पाणबुड्यांचे अनुभव टाकाऊ आहेत असा नाही. प्रयोगांना विषय पुरविले ते अशाच अनुभवांनी. अनुभव नोंदविताना मात्र त्यात काय पाहिले आणि काय योजिले हे वेगळे ठेवावयास हवे. शार्कची जात व अंदाजे लांबी, तो किती अंतरावरून वळला, किती वेळा आला, दर खेपेस अंतर कमी झाले की वाढले, पाण्यात आमिष अथवा जखमी मासळी होती काय, यंत्र केव्हा चालू केले, आणि यंत्र नसलेल्या बुड्यांत त्याच ठिकाणी शार्क कसे वागले, एवढे जरी लिहून ठेविले तरी कथन आणि पुरावा यांतील अंतर पुष्कळ कमी होईल. ह्यांतील शेवटची नोंद सर्वांत कंटाळवाणी आहे, आणि सर्वांत मोलाचीही. कारण व्यतिरेक तेथेच असतो.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ह्यात एक अभ्यासविषयही आहे. औषधे, नवस, ताईत, खते, शिकवण्या ह्यांविषयीची अनुभवकथने मराठीत विपुल आहेत. त्यांत ‘आणि’पासून ‘-ने’पर्यंतची ही चढण वक्ता कोठे आणि कशी चढतो, श्रोता त्याला कोठे अडवितो, व अडवितो तेव्हा कोणती रचना वापरतो, हे संकलित सामग्रीवरून पाहता येईल. ‘नसते, तर नसता’ ही रचना दैनंदिन वादात किती वेळा येते हेही मोजण्यासारखे आहे.

सारांश, पाणबुड्याला स्वतःच्या अनुभवावरून ‘यंत्र चालू होते आणि शार्क वळला’ एवढे म्हणण्याचा अधिकार आहे. चाचण्यांच्या आधारे ‘काही यंत्रांमुळे, काही जातींचे शार्क, काही प्रसंगी वळण्याची शक्यता वाढते’ असे म्हणता येते. ‘यंत्राने शार्कला वळविले’ हे वाक्य मात्र अद्याप कोणाच्याही अधिकारातले नाही. आणि पाण्यात उतरणाऱ्याने उतरण्यापूर्वी ह्या तीन वाक्यांपैकी आपण कोणत्या वाक्यावर विसंबलो आहोत, हे स्वतःला विचारावे.